नवरा डॉक्टर, भाऊही डॉक्टर : ‘द यलो वॉलपेपर’ आणि एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांतली ‘वेडी’ बाई

रानजाई

शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’ची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं : यात डॉ. सायलस वीअर मिचेल यांच्या ‘रेस्ट क्युअर’चं, म्हणजे सक्तीच्या विश्रांतीच्या उपचाराचं, चित्रण आहे. कथा समोर ठेवून ताडून पाहिलं तर हे पुरतं जुळत नाही. आणि जिथे जुळत नाही तिथेच कथा जास्त बोचते, असं माझं मत. त्यासाठी हा धागा.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. निवेदिकेला नाव नाही. नुकतंच बाळंतपण झालंय. नवरा जॉन डॉक्टर, सख्खा भाऊही नावाजलेला डॉक्टर. दोघांचं निदान एकच : मज्जातंतूंचा तात्पुरता अशक्तपणा, जरासा हिस्टेरियाकडे कल, बाकी काही नाही. उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी एक जुनी हवेली भाड्याने घेतात. तिला खालची, व्हरांड्याकडे उघडणारी, खिडकीवर गुलाब चढलेली खोली हवी असते. जॉन वरची घेतो. त्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या आहेत, पलंग जमिनीला खिळे ठोकून बसवलाय, जिन्याच्या तोंडाशी फाटक आहे. पूर्वी इथे मुलं खेळत असतील, असं ती स्वतःची समजूत घालते. भिंतीवर तो किळसवाणा पिवळा कागद. पुढे तिला त्या नक्षीमागे एक बाई रांगताना दिसू लागते.

आता जुळवणी. मिचेलच्या पद्धतीत रोगी पलंगावरून हलायचा नाही, घरच्यांचं तोंड पाहायचं नाही. कथेत बाईला औषधांबरोबर प्रवास, मोकळी हवा आणि चक्क व्यायाम सांगितलाय. ती बागेत फिरते, घरी पाहुणे येतात, नवरा तर बहुतेक रात्री उशाशी. मिचेलचं नाव कथेत येतं ते धमकी म्हणून : लवकर सुधारली नाहीस तर हिवाळ्याआधी तुला वीअर मिचेलकडे पाठवीन. म्हणजे ती ‘रेस्ट क्युअर’मध्ये नाहीच. ती नवऱ्याच्या घरगुती आवृत्तीत आहे. इथे परिचारिका नाही, ठरलेली मुदत नाही, घरी सोडण्याची तारीख नाही.

नाडीपरीक्षा

धागा आवडला. मूळ उपचार नेमका काय होता हे इथे असलेलं बरं, कारण ‘विश्रांती’ म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं.

मिचेल (१८२९–१९१४) फिलाडेल्फियाचा. यादवी युद्धात गोळी लागून नसा फाटलेले सैनिक त्याने तपासले, कापलेला अवयव अजून असल्यासारखा दुखतो त्या दुखण्याला ‘फँटम लिंब’ हे नाव त्यानेच रूढ केलं. भोंदू नव्हता, हे आधी मान्य करू. १८७७ च्या ‘फॅट अँड ब्लड’ या पुस्तकात त्याने उपचार मांडला. नावातच सिद्धांत आहे : रोगी हडकुळी, रक्त पातळ, म्हणून मज्जासंस्था थकलेली. चरबी वाढवा, रक्त वाढवा, मेंदू आपोआप ताळ्यावर येईल.

कृती अशी. सहा ते आठ आठवडे पलंग. सुरुवातीला उठून बसणं नाही, शिवण नाही, वाचन नाही, लेखन नाही. हाताने करायचं काम एकच, दात घासणं. काही रोग्यांना कूसही परिचारिकेच्या मदतीनेच बदलायची. परिचारिका नात्यातली चालत नाही. आहार दुधापासून सुरू : दर दोन तासांनी तीन-चार औंस, म्हणजे साधारण १०० मिलीच्या आसपास. मग हळूहळू नाश्ता, दुपारी मटण चॉप, आणि दहाएक दिवसांत तीन पूर्ण जेवणं, शिवाय दिवसाला तीन-चार पाइंट दूध, म्हणजे साधारण दीड ते दोन लिटर. जोडीला माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि लोह. इतकं खाऊन पडून राहिलं तर स्नायू सुकणार, बद्धकोष्ठ होणार. म्हणून रोज मालिश, अर्ध्या तासापासून वाढवत तासापर्यंत, आणि प्रेरित विद्युतप्रवाहाने स्नायू आखडवणं. व्यायाम व्हायला हवा, पण तो रोग्याने स्वतः करायचा नाही.

खरोखर कुपोषित, रक्तक्षय झालेल्या बायकांना याने बरं वाटत असे, वजन वाढायचं. म्हणूनच पद्धत पसरली, १८८० च्या दशकात इंग्लंडात पोचली. फसायची कुठे? ज्यांचा मूळ आजार उपासमार नसून बाळंतपणानंतरचं नैराश्य होता तिथे. अशा बाईला एकटं पाडायचं, तिच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि वजनकाट्यावर सुधारणा मोजायची, म्हणजे आजार वाढवायची तजवीजच. आणखी एक गोष्ट मिचेल लपवत नाही. महिनाभर न वाचता, न लिहिता, न शिवता पडून राहा म्हटलं की काही बायकांना विश्रांती कडू औषध होते, मग ‘ऊठ’ म्हटल्यावर त्या आनंदाने उठतात, असं तो स्वतः लिहितो. म्हणजे कंटाळा हाही मात्रेचाच भाग होता.

पुरुषांना? लेखक ओवेन विस्टरला १८८५ मध्ये याच मिचेलने वायोमिंगच्या कुरणांत धाडलं. घोड्यावर बस, शिकार कर. त्यातून पुढे काउबॉय कादंबरी निघाली. थकलेल्या मज्जातंतूंचं निदान दोघांचंही, एकाला घोडा मिळतो, दुसरीला दूध.

रानजाई

‘फॅट अँड ब्लड’ आठवून कथेतला मध्यरात्रीचा संवाद वाचा. चांदणं पडलंय, ती उठून कागदाला हात लावून बघते, जॉनला जाग येते. ती म्हणते, मला इथून घेऊन चल. तो म्हणतो, तीन आठवड्यांत भाड्याची मुदत संपते, आणि तू सुधारते आहेस, मी डॉक्टर आहे, मला कळतं. तुझ्या अंगावर मांस चढतंय, रंग येतोय, भूक वाढलीय. मांस आणि रंग, म्हणजे पुस्तकाचं शीर्षकच. ती सांगते, माझं वजन रत्तीभर वाढलेलं नाही, उलट घटलंय. भूक तू असतोस तेव्हा संध्याकाळी बरी लागते, सकाळी तू नसतोस तेव्हा नाही. हे निरीक्षण कुठल्याही डॉक्टरने टिपून ठेवावं इतकं नेमकं आहे. जॉन काय करतो? तिला मिठी मारतो आणि म्हणतो, माझ्या सोन्याला हवं तेवढं आजारी पडू दे! मग ती ‘शरीराने कदाचित बरी असेन...’ एवढं म्हणून थांबते, कारण तो कठोर नजरेने बघतो. पूर्ण कथेत तिने लक्षण सांगितलं आणि ते नोंदलं गेलं असं एकदाही होत नाही.

गिलमनच्या बाबतीतही हेच झालं. १८८७ च्या वसंतात मिचेलकडे जाण्याआधी तिने स्वतःच्या आजाराचा सविस्तर वृत्तांत लिहून पाठवला होता. आत्मचरित्रात ती सांगते की त्याने तो आत्मप्रौढीचा पुरावा ठरवला. ती बीचर घराण्यातली, ‘अंकल टॉम्स केबिन’वाल्या हॅरिएट बीचर स्टोवच्या भाच्याची मुलगी. त्या रक्ताच्या दोघी आधीच येऊन गेल्यात, असंही त्याने ऐकवलं.

महिन्याभराने घरी सोडताना दिलेला सल्ला : शक्य तितकं घरगुती आयुष्य जग. मूल सतत जवळ ठेव. प्रत्येक जेवणानंतर तासभर पड. बौद्धिक काम दिवसाला दोनच तास. आणि जन्मभर लेखणी, कुंचला, पेन्सिलीला हात लावू नकोस. ती चित्रकलाही शिकलेली होती, नवरा चार्ल्स वॉल्टर स्टेटसन चित्रकार. कथेत जॉनही जेवणानंतर तासभर पडायला लावतोच. म्हणजे गिलमनने घेतलंय ते या सुटीच्या चिठ्ठीतून, इस्पितळातल्या महिन्यातून नव्हे. इस्पितळात तिची तब्येत तशी सुधारलीच होती. मोडली ती घरी आल्यावर, चिठ्ठीबरहुकूम वागताना.

ठोंब्या

एक शंका. चिठ्ठीत ‘मूल सतत जवळ ठेव’ आहे, कथेत तर बाळ मेरी सांभाळते, आई वर. उलटं का केलं?

रानजाई

चांगला प्रश्न. माझा तर्क असा : मूल जवळ ठेवलं असतं तर १८९२ च्या वाचकाचं लक्ष ‘आईचं कर्तव्य’ याकडे गेलं असतं, बाळाचं काय होईल याच काळजीत तो कथा वाचत बसला असता. बाळ दूर केल्यावर खोलीत उरतात फक्त ती, नवरा आणि कागद. शिवाय खोली मुलांची, आणि त्यात ठेवलंय आईला. जॉन तिला ‘लाडकी हंसीण’, ‘छोटी मुलगी’ म्हणतो. बाळाची जागा तिने घेतलीय.

कलम_पोटकलम

कादंबऱ्यांतली कुलुपं समजायला कायदा लागतो, नाहीतर सगळंच रूपक वाटायला लागतं.

इंग्लंडात १८४५ च्या कायद्याप्रमाणे खाजगी रोग्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला दोन गोष्टी पुरत : एखाद्या नातलगाचा लेखी आदेश आणि दोन डॉक्टरांचे दाखले, दोघांनी वेगवेगळं तपासून दिलेले. न्यायाधीश मध्ये येत नसे. तो आला १८९० च्या कायद्याने. त्यामुळे मधली ४५ वर्षं नवरा कागदावर सही करणारा ‘नातलग’ असू शकत होता. १८५८ मध्ये राजकारणी-कादंबरीकार एडवर्ड बुल्वर लिटनने बायको रोझिनाला असंच आत टाकलं. ती हर्टफर्डच्या निवडणूक सभेत जाऊन त्याच्याविरुद्ध बोलली होती. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला म्हणून तीनेक आठवड्यांत सुटली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’, नवरा बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकतो ती कादंबरी, साप्ताहिकातून सुरू झाली, तेव्हा वाचकांना पटवायची गरज उरली नव्हती.

अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. इलिनॉयच्या १८५१ च्या कायद्यात विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या विनंतीवरून घेता येई, आणि इतरांच्या बाबतीत वेडेपणाचा जो पुरावा लागे त्याशिवाय. एलिझाबेथ पॅकार्डला तिच्या पाद्री नवऱ्याने १८६० मध्ये जॅक्सनव्हिलला पाठवलं, कारण धर्मावरचे मतभेद. तीन वर्षं आत. सुटून आली तर त्याने घरातल्या मुलांच्या खोलीत कोंडलं आणि खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. इथेच तो फसला. इस्पितळात टाकायची मुभा कायदा देत होता, घरात कोंडायची नाही. तिने चिठ्ठी बाहेर पोचवली, हेबियस कॉर्पस (बेकायदा कोंडल्याविरुद्धचा अर्ज) झाला, जानेवारी १८६४ मध्ये कँककीच्या ज्यूरीने सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. १८६७ मध्ये इलिनॉयचा कायदा बदलला, त्यामागे तिचीच मोहीम.

गिलमनने पॅकार्डवरून घेतलं असं मी म्हणत नाही. पण मुलांच्या खोलीत बायकोला ठेवणं अमेरिकन वाचकाला अगदीच अपरिचित नव्हतं. आणि गिलमनने केलेली गंमत बघा : कायद्याला नातलग वेगळा आणि डॉक्टर वेगळे लागत. तिने दोन्ही एकाच माणसात घातले. दाखल्याची गरजच संपली.

अर्धविराम

वा, कलमराव. याला जोडून मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ (१८६२). ती ‘सनसनाटी’ म्हणून बाजूला टाकली जाते, पण डॉक्टर आणि कुटुंबातला सौदा इतक्या उघडपणे तिच्याइतका कुणी दाखवला नसेल.

लेडी ऑडलीने पहिला नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केलंय, पहिल्याला विहिरीत ढकललंय, एक खाणावळ पेटवलीय. तिच्या नवऱ्याचा पुतण्या रॉबर्ट, पेशाने बॅरिस्टर, डॉ. मॉसग्रेव्हला बोलावतो. डॉक्टर आधी स्पष्ट सांगतो की तिने केलेल्या कशातही वेडेपणाचा पुरावा नाही. घरी सुख नव्हतं म्हणून पळाली, त्यात वेड नाही. पैसा आणि प्रतिष्ठेसाठी दुसरं लग्न केलं, त्यातही नाही. मग थोडा वेळ तिला भेटून येतो आणि निकाल बदलतो : सुप्त वेड आहे, कदाचित कधी उफाळणारही नाही, पण बाई धोकादायक आहे. लगेच बेल्जियममधल्या संस्थेच्या चालकाला पत्र. नाव बदलून, मादाम टेलर म्हणून, तिला तिथे पोचवतात. तिथेच ती मरते.

मधे काय बदललं? लक्षणं नाहीत. घराण्याची अब्रू समोर आली. खटला झाला असता तर सगळं चव्हाट्यावर. ब्रॅडन यावर भाष्य करत नाही, डॉक्टरची दोन विधानं शेजारी ठेवून पुढे जाते.

‘जेन एअर’मध्येही (१८४७) असंच एक वाक्य वाचकांच्या नजरेतून सुटतं. नायक रॉचेस्टरने जमैकातल्या बर्थाशी लग्न केलं तेव्हा तिच्याबरोबर तीस हजार पौंड आले. तो पुढे म्हणतो की कायद्याने यातून सुटका करून घेता येईना, कारण आता डॉक्टरांना शोध लागला की बायको वेडी आहे. म्हणजे त्याच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टरांचा दाखला त्याच्याविरुद्ध गेला. हा तपशील ‘नवरा बायकोला वेडी ठरवून मोकळा होतो’ या सोप्या सूत्रात बसत नाही. इंग्लंडात असाध्य वेड हे घटस्फोटाचं कारण झालं थेट १९३७ च्या कायद्याने. तोवर वेडी बायको कोंडता येई, सोडता येत नसे. बर्थाला जिथे कोंडलंय तो त्याच्या थॉर्नफील्ड हवेलीचा तिसरा मजला या पेचातून आलाय. अर्थात हे सगळं आपण रॉचेस्टरच्याच तोंडून ऐकतो. बर्थाला पूर्ण कादंबरीत एक वाक्य नाही.

अवांतर : ‘द वुमन इन व्हाइट’चा सगळा उलगडा ती कोंडलेली बायको लॉरा कोणत्या तारखेला लंडनला गेली यावर बेतलाय, आणि त्याच तारखा कॉलिन्सने घोळात घातल्या होत्या. ‘टाइम्स’च्या समीक्षकाने १८६० मध्ये चूक दाखवली, मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती. कायद्याच्या कागदासारखी कादंबरी लिहायची म्हणजे हा धोका.

ठोंब्या

सगळे जॉनला झोडताहेत. पण तो मारत नाही, ओरडत नाही, बाई ठेवत नाही. त्या काळचं वैद्यक त्याने प्रामाणिकपणे वापरलं. खलनायक कसा?

नाडीपरीक्षा

खलनायक नाहीच, असता तर कथा फसली असती. जॉन दुष्ट असता तर उपाय सोपा होता, चांगला डॉक्टर आणा. भाऊही तेच म्हणतोय, मिचेलही तेच म्हणेल, असं सांगून गिलमन ती वाट आधीच बंद करते. आणि बाई कुणाकडे तक्रार करणार? नणंद जेनी प्रेमळ आहे, घर छान सांभाळते, आणि तिचं ठाम मत की लिहिण्यानेच हिला हे दुखणं लागलं.

खडूफळा

वाचनकट्ट्यावर कथा घ्यायचा विचार आहे. साधारण सहा हजार शब्द, एका बैठकीत होते. ‘शेवटी ती जिंकली की हरली’ या वादात दोन तास जातात आणि हाती काही लागत नाही, हा नेहमीचा अनुभव. दुसरं काय करता येईल?

रानजाई

कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात तिची प्रत्येक मागणी : खालची खोली, कागद बदलणं, हेन्री आणि ज्युलियाकडे जाणं, हवेली सोडणं. दुसऱ्यात जॉनचं उत्तर आणि त्याने दिलेलं कारण. तिसऱ्यात ती त्यानंतर कागदाबद्दल काय लिहिते. दोन-तीन पानांत दिसायला लागतं की प्रत्येक नकारानंतर नक्षीत काहीतरी नवं उगवतं. कागद बदलायचं जॉन आधी कबूल करतो, मग म्हणतो, आज कागद, उद्या पलंग, परवा गज, मग फाटक. आजाऱ्याच्या लहरींना शरण जायचं नसतं. गज आणि फाटक त्याला दिसतात बरं का! तिला ती बालखोली वाटते, त्याला नेमकं ठाऊक आहे की खोलीत काय काय आहे.

दुसरं, वाक्यांची लांबी बघा. सुरुवातीला जोडवाक्यं, ‘पण काय करणार?’ अशी माघार. शेवटच्या नोंदीत तुटक, ठाम विधानं, शंका नाही. भाषेने बघितलं तर ती शेवटी अधिक आत्मविश्वासाने लिहितेय, आणि तेव्हाच वास्तवाशी नातं पूर्ण तुटलंय. जिंकली की हरली यापेक्षा हा पेच धरून ठेवा. तो सुटत नाही, आणि कथाही सोडवत नाही : किल्ली खाली पायऱ्यांपाशी एका रानरोपाच्या पानाखाली फेकलेली, जॉन दार फोडायला कुऱ्हाड मागतोय, आत येतो आणि बेशुद्ध पडतो. ती भिंतीकडेने रांगत राहते, दर फेरीला त्याच्या अंगावरून.

अर्धविराम

आणि ती शेवटची ‘जेन’. ‘तू आणि जेन, दोघांना न जुमानता मी बाहेर पडले,’ असं ती म्हणते, आणि जेन नावाचं कुणी कथेत तोवर आलेलंच नाही. काहींच्या मते जेनीचा छपाईदोष, काहींच्या मते निवेदिकेचं स्वतःचं नाव, म्हणजे ती आता कागदातली बाई होऊन आपल्या जुन्या ‘मी’ला परकी म्हणून हाक मारतेय. मला दुसरं पटतं, पण पुराव्याने सिद्ध होत नाही. खडूफळा, यावर वाद घालू द्या, मजा येते.

तळघर

एक भर आणि एक पाणी ओतणं.

भर : कथा १८९० मध्ये पॅसाडेनात लिहिली, नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर. कादंबरीकार विल्यम डीन हॉवेल्सने ‘अटलांटिक मंथली’ मासिकाकडे पाठवली, संपादक स्कडरने परत केली : मी स्वतःला जितकं दुःखी केलं तितकं इतरांना केलं तर स्वतःला माफ करू शकणार नाही. जानेवारी १८९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’ने छापली, लेखिका शार्लट पर्किन्स स्टेटसन या नावाने. बॉस्टनच्या एका डॉक्टरने वर्तमानपत्रात तक्रार केली की असलं लिहूच नये. कॅन्ससच्या एका डॉक्टरने उलट कळवलं की वेडाच्या सुरुवातीचं इतकं अचूक वर्णन वाचलं नव्हतं. १९२० मध्ये हॉवेल्सने निवडक कथांत घेतली. १९७३ च्या फेमिनिस्ट प्रेसच्या आवृत्तीने ती स्त्रीवादी कथा म्हणून सर्वदूर पोचली.

पाणी : गिलमनने १९१३ मध्ये लिहिलं की कथा वाचून मिचेलने उपचार बदलल्याचं तिच्या कानावर आलं. ही गोष्ट सगळीकडे डोळे मिटून छापतात. मिचेलच्या बाजूने याला दुजोरा देणारा कागद सापडलेला नाही. ती ऐकीव गोष्ट म्हणूनच सांगावी.

आणि गिलमनला देव्हाऱ्यात बसवू नका. १९०८ मध्ये तिने अमेरिकन समाजशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलेला कृष्णवर्णीयांबद्दलचा लेख वाचवत नाही. ‘मागासलेल्यां’ना सक्तीने कामाच्या शिस्तीत घालायची योजना आहे ती. बाईला खोलीत कोंडून ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणणाऱ्याला जिने ओळखलं, तिनेच दुसऱ्यांसाठी तीच भाषा वापरली. १९८९ मध्ये सुझन लॅन्सरने याच अंगाने ‘पिवळ्या’ रंगाकडे पाहिलं आणि तेव्हाच्या अमेरिकेतल्या चिनी स्थलांतरितांच्या भीतीशी तो जोडला. सगळं पटेलच असं नाही, पण वाचून ठेवा.

खडूफळा

मराठी धागा कुठे जुळतो का यात?

तळघर

ओढूनताणून नको. एक खरा दुवा शहराचा आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वसंतात गिलमन त्याच शहरात मिचेलकडे गेली. आनंदीबाई तोवर, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात वारल्या होत्या. त्याच शहरात एकीकडे बायका शरीरविच्छेदन शिकत होत्या, आणि दुसरीकडे मुलींनी वयात येताना जास्त अभ्यास केला तर मज्जासंस्था बिघडते असं मिचेल छापून सांगत होता. ‘वेअर अँड टेअर’, १८७१.

हरिभाऊंची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ याच वर्षांतली आणि यमूच्याच तोंडून सांगितलेली. पण तिथे सत्ता धर्मशास्त्राच्या आणि वडीलधाऱ्यांच्या नावाने चालते, डॉक्टरच्या नव्हे. वेगळा धागा काढा, येतो.

अर्धविराम

डॉक्टरचाच विषय आहे तर एक उलटं उदाहरण. केट शोपॅनच्या ‘द अवेकनिंग’मध्ये (१८९९) लेऑन्स पाँटेलिए डॉ. मँडलेटकडे जाऊन तक्रार करतो की बायकोच्या डोक्यात स्त्रियांच्या हक्कांचं काहीतरी शिरलंय, घराकडे लक्ष नाही. ‘वीअर मिचेलकडे पाठवा’ म्हणायला याहून योग्य जागा नव्हती. मँडलेट मात्र विचारतो की हल्ली ही स्वतःला बुद्धिवंत म्हणवणाऱ्या बायकांच्या मंडळात तर जात नाही ना, आणि मग सल्ला देतो : काही दिवस तिला एकटी सोडा. ना औषध, ना पलंग, ना दाखला. कादंबरीच्या शेवटाकडे तो एडनाला म्हणतो, माझ्याशी येऊन बोल, मी समजून घेईन. ती जात नाही. समुद्रात शिरताना तिच्या मनात येतं की डॉक्टरला कदाचित कळलं असतं, पण आता उशीर झाला.

सात वर्षांच्या अंतरातल्या या दोन कथा एकाच बैठकीत घ्या, खडूफळा. जॉन आणि मँडलेट शेजारी ठेवले की ठोंब्याच्या प्रश्नावर जास्त बोलता येईल.

ठोंब्या

मँडलेटनेही तिला न तपासता नवऱ्याशीच बोलून सल्ला दिला ना पण?

अर्धविराम

हो. नवऱ्याने सांगितलेल्या हकिकतीवर. मग जेवायला घरी येऊन लांबून निरखतो, आणि परत जाताना मनात म्हणतो की हिच्या मनात भरलेला तो रंगेल अरोबँ नसला म्हणजे मिळवली.